कामाडोच्या झांकणाची पट्टी

[नभोवाणीवरील भाषण]

मराठी संसारांत ‘वेगळी चूल मांडणें’ या शब्दांना केवढा अर्थ आहे हें कोणास सांगावयास नको. भाऊ विभक्त झाले, मुलगा सुनेसह निराळा राहूं लागला, म्हणजे चूल वेगळी झाली असें म्हणण्याचा प्रघात आहे. घराच्या भिंती, दारें, दागिने या सर्वांपेक्षां चूल हीच घराची खूण. आश्चर्याची गोष्ट अशी कीं, समुद्रापलीकडील जपान देशांतहि याच अर्थाचा वाक्प्रचार आहे. तेथें चुलीस ‘कामाडो’ म्हणतात. ‘कामाडो वाटणें’ म्हणजे घर निराळें करणें, आणि ‘कामाडो मोडणें’ म्हणजे घराचें दिवाळें निघणें. आजच्या भाषणाचा विषय या कामाडोच्या कुळांतील एक अर्वाचीन शेगडी, आणि तिच्याहि एका अगदीं लहान अवयवाची दुरुस्ती हा आहे. झांकण आणि बूड यांच्यामध्यें बसविलेली नमद्याची अरुंद पट्टी हा तो अवयव होय. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु विस्तवावरील ताबा आणि कोळशाची काटकसर या पट्टीवर अवलंबून असतात, आणि तिची हयगय करणारा मनुष्य पुढें विस्तवाचीहि हयगय करूं लागतो.

या शेगडीची कुळकथा थोडक्यांत अशी आहे. जपानांत तांदूळ शिजविण्यासाठीं मातीचें, घुमटाकार झांकणाचें एक भांडें वापरीत. त्यास ‘मुशिकामाडो’ असें म्हणत. १९४५ सालीं दुसरें महायुद्ध संपलें आणि अमेरिकन सैनिक जपानांत राहूं लागले. त्यांच्या दृष्टीस हें भांडें पडलें. भातापेक्षां मांस भाजण्यास तें अधिक सोयीचें आहे असें त्यांना वाटलें, आणि परत जातांना कित्येकांनीं तें मायदेशीं नेलें. पुढें १९७४ सालीं अटलांटा शहरांत एड फिशर या गृहस्थानें अशीं भांडीं विकण्याचा धंदा सुरूं केला. त्यांतूनच ‘बिग ग्रीन एग’ हें हिरव्या अंड्यासारखें भांडें प्रसिद्धीस आलें. पहिलीं भांडीं साध्या मातीचीं असल्यामुळें उष्णतेनें तडकत. त्यांची जागा पुढें प्रखर उष्णता सोसणाऱ्या सिरॅमिकनें घेतली. आज इतरहि कारखाने अशा शेगड्या करतात, आणि अमेरिकेंतील घरांच्या परसांत त्या सर्रास दिसतात.

शेगडीची रचना साधी, पण विचारपूर्वक केलेली आहे. जाड सिरॅमिकचें, म्हणजे भाजून दगडासारख्या केलेल्या मातीचें बूड, आणि त्यावर त्याच जातीचें घुमटाकार झांकण. दोहोंच्या कडांभोंवतीं धातूचे पट्टे आवळलेले असतात, आणि पाठीमागें त्यांना जोडणारी स्प्रिंगची बिजागरी असते. बुडाच्या तळाशीं हवा आंत घेणारें एक सरकतें दार असतें, तर झांकणाच्या माथ्यावर धूर बाहेर सोडणारी झडप असते. आंत कोळशाचें कुंड व त्यावर जाळी. मोठ्या आकाराच्या शेगडीचें वजन ७० किलोंच्या घरांत जातें. जाड भिंतींमुळें आंतली उष्णता सहज बाहेर जात नाहीं, आणि एकदां भरलेल्या कोळशावर १२ तास किंवा त्याहूनहि अधिक वेळ मंद आंच राखतां येते. तीच शेगडी दारें उघडीं टाकल्यास ३५० अंश सेंटिग्रेडपर्यंत आणि त्यापुढेंहि तापते. रात्रभर शिजणारें मांस आणि कांहीं मिनिटांत भाजून निघणारी रोटी हीं दोन्हीं कामें एकाच शेगडीवर होतात तीं यामुळेंच.

आतां, आंच राखण्याचें हें काम कोण करतें? तें काम कोळशाचें नव्हे, हवेचें आहे. एक किलो शुद्ध कार्बन पुरता जळण्यास सुमारें २.७ किलो प्राणवायु लागतो. हवेंत वजनानें प्राणवायूचा वांटा चौथ्या हिश्श्याहून थोडा कमी असल्यामुळें तेवढ्यासाठीं सुमारें ११.५ किलो हवा खर्च होते. आणि एवढी हवा ९ ते १० घनमीटर जागा व्यापते. तीन मीटर लांब, तितक्याच रुंद व तितक्याच उंच अशा खोलींतील हवेचा तिसरा हिस्सा केवळ एक किलो कोळसा गिळून टाकतो. ही हवा आंत येते ती तापलेल्या हवेच्या हलकेपणामुळें. ३०० अंशांपर्यंत तापलेली हवा बाहेरच्या हवेच्या जवळजवळ निम्म्या वजनाची होते. ती वर चढून माथ्याच्या झडपेंतून निघून जाते, आणि तिची जागा भरण्यास तळच्या दारांतून नवी हवा ओढली जाते. येणें व जाणें या दोन्ही वाटा माणसाच्या हातांत असल्या म्हणजे सारा विस्तव त्याच्या मुठींत असतो.

परंतु या दोन वाटांखेरीज तिसरी चोरवाट निघाली तर काय होईल? याचा हिशेब करण्यासारखा आहे. शेगडीच्या कडेचा व्यास ५० सेंटिमीटर धरला तर तिचा घेर १५७ सेंटिमीटर भरतो. या घेरांत सर्वत्र केवळ एक मिलिमीटर फट राहिली, तर तिचें क्षेत्रफळ १५ चौरस सेंटिमीटरांहून अधिक होतें. मंद आंचेवर शिजवितांना तळचें दार जेमतेम बोटभर रुंदीचें, कित्येकदां त्याहूनहि कमी, उघडलेलें असतें. म्हणजे डोळ्यांस न दिसणारी ही फट त्या दाराच्या बरोबरीची ठरते! तापलेला धूर माथ्याच्या झडपेची पर्वा न करतां कडेनें निसटतो. तो निसटतो तितकी नवी हवा खालून ओढली जाते, आणि झडप कितीहि बंद केली तरी आंच मनाप्रमाणें उतरत नाहीं. काम झाल्यावर दोन्ही तोंडें बंद करून विस्तव विझविण्याची जी सोय या शेगडींत आहे, तीहि नाहींशी होते. विस्तव गुपचूप धुमसत राहतो आणि उरलेला कोळसा सकाळपर्यंत राख होतो.

महाराष्ट्रांतील स्वयंपाकघरांत हा दोष निराळ्या वेषांत परिचित आहे. प्रेशर कुकरची रबरी रिंग सैल झाली म्हणजे वाफ कडेनें फुसफुसूं लागते, शिटी होत नाहीं आणि डाळ कच्ची राहते. अशा वेळीं गृहिणी कुकर टाकून देत नाहीं. ती रिंग बदलते. बिर्याणीस दम देतांना हंडीच्या झांकणाभोंवतीं कणकेची वळी लावतात, तिचेंहि काम हेंच. फरक इतकाच कीं, कुकरच्या रिंगेस १२० अंशांच्या आसपासची वाफ सोसावयाची असते, आणि कणकेची वळी एका वेळेपुरतीच असते. कामाडोच्या पट्टीस मात्र वर्षानुवर्षें विस्तव, धूर आणि चरबी या तिघांशीं झगडावें लागतें.

येथें कोणी विचारील कीं, मुळांत पट्टीची गरजच काय? दोन्ही कडा घांसून तंतोतंत बसविल्या तर? परंतु भट्टींत भाजतांना माती आकसते, आणि एवढ्या मोठ्या भांड्याची कड कांचेसारखी सपाट निघणें कठीण असतें. शिवाय बूड व झांकण एकसारखे तापत नाहींत, म्हणून ते एकसारखे फुगतहि नाहींत. या सर्व उंचसखलपणाची भरपाई मऊ पट्टी करते. तिचें दुसरें काम याहूनहि महत्त्वाचें आहे. जड झांकण हातांतून निसटून खालीं आलें, तर मातीवर मातीचा आघात होऊन कपचा उडावयाचा. मधली पट्टी तो आघात आपल्या अंगावर घेते.

अशा पट्ट्या पुष्कळदां नोमेक्स नांवाच्या तंतूच्या नमद्याच्या करतात. बुरणूस जसा लोंकर दाबून करतात, तसाच हा नमदाहि तंतू दाबून केलेला असतो; तो विणलेला नसतो. नोमेक्स हा तंतु डू पाँट या अमेरिकन कंपनीनें १९६० नंतरच्या दशकांत बाजारांत आणला, आणि आग विझविणाऱ्या जवानांचे अंगरखेहि त्याचे करतात. तो मेणासारखा वितळत नाहीं. अति उष्णतेनें काळा पडून त्याचाच कोळसा होतो. सुमारें २०० अंशांपर्यंतची उष्णता तो दीर्घकाळ सोसतो. ३५० अंशांच्या पुढें मात्र त्याचा टिकाव लागत नाहीं. दुसऱ्या जातीची पट्टी कांचतंतूंची विणलेली असते. ती अधिक उष्णता सोसते, परंतु तिचे बारीक तंतू हातांत सुयांसारखे रुततात, म्हणून ती हाताळतांना हातमोजे घालणें इष्ट.

पट्टी झिजण्याचीं कारणें तीन आहेत. पहिलें कारण अर्थातच प्रखर आंच. तींत बहुधा तंतूच्या अगोदर पट्टीखालचा चिकट थर हार खातो. पट्टी कडेपासून सुटते, आणि सुटलेला भाग ज्वाळेच्या तोंडीं लोंबूं लागतो. दुसरें कारण चरबी. मांसाची वितळलेली चरबी नमद्यांत मुरते, रात्रीं थिजते, आणि झांकण व बूड एकमेकांस डिंकानें जोडल्यासारखीं होतात. दुसऱ्या दिवशीं कोणी जोर करून झांकण उघडतो, आणि नमदा टरकन् फाटतो. तिसरें कारण सर्वांत लबाड आहे. एके ठिकाणीं पट्टी थोडी विरली कीं, तापलेला धूर नेमका तेथूनच वाट काढतो. त्या धुरानें ती जागा आणखी जळते, आणि वाट आणखी रुंद होते. धरणाच्या बांधांतील बिळाची जी गोष्ट, तीच येथेंहि.

अमेरिकेंतील एखाद्या गांवीं पुढील प्रसंग घडला अशी श्रोत्यांनीं कल्पना करावी. एका घरीं वडिलांनीं वापरलेली जुनी कामाडो शेगडी आहे. वडील आतां हयात नाहींत. त्यांच्या वर्षश्राद्धासारख्या स्मरणाच्या दिवशीं नातेवाईक जमणार, म्हणून मुलानें आदल्या रात्रीं पांच किलो मांस वडिलांच्या पद्धतीनें ११० अंशांवर शिजत ठेविलें. तो निजला. पहाटे उठून पाहतो तों उष्णमापक १८० अंश दाखवीत आहे, कडेनें धुराची रेघ निघत आहे, मांस बाहेरून करपून चामड्यासारखें झालें आहे, आणि कोळसा संपत आला आहे. त्यानें दोन्ही झडपा घट्ट लावल्या; तरी तासाभरानेंहि आंच पुरेशी उतरली नाहीं. ‘शेगडी गेली,’ तो बायकोस म्हणाला. ‘बाबांची होती म्हणून इतके दिवस ठेवली. आतां नवी आणूं.’ बायकोनें उत्तर दिलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं शेगडी पुरती थंड झाल्यावर तिनें वहींतील कागदाची एक पट्टी फाडून घेतली, ती कडेवर ठेवून झांकण लावलें, आणि ओढून पाहिली. पुढच्या बाजूस कागद अडकला. डाव्या बाजूस तो लोण्यांतून सुरी निघावी तसा निघाला. ‘शेगडी गेली नाहीं,’ ती म्हणाली. ‘हातभर नमदा गेला आहे.’

या गृहिणीनें जें केलें, तीच दुरुस्तीची पहिली पायरी होय. प्रत्येक वीतभर अंतरावर कागद ठेवून पाहावा. जेथें तो सहज निघेल, तेथें फट आहे. मात्र कागद सैल निघाला म्हणून दोष पट्टीचाच, असें लगेच ठरवूं नये. उष्णतेनें धातूचे पट्टे ढिले होतात, झांकण त्यांतून किंचित् सरकतें, आणि मग एका बाजूस फट व समोरच्या बाजूस दाब असा प्रकार होतो. झांकण बुडावर चोहोंकडून सारखें बसलें आहे कीं नाहीं, हें प्रथम बोटानें चांचपून पाहावें. तें सरकलें असेल तर पट्ट्यांचे बोल्ट ढिले करून तें जाग्यावर आणावें आणि बोल्ट पुन्हां आवळावे. येथें एक इशारा दिलाच पाहिजे. हे बोल्ट झांकण मिटलेलें असतांनाच सैल करावे, आणि जवळ दुसरा मनुष्य असावा. झांकण उघडें असतांना पट्टा सैल केल्यास जड घुमट निसटून पायावर पडतो, आणि बिजागरीच्या ताणलेल्या स्प्रिंगा एकदम उसळतात. झांकण नीट बसूनहि फट राहत असेल, नमदा काळा, कडक किंवा सुटलेला दिसत असेल, तर मात्र पट्टी बदलावी.

कामास आरंभ करण्यापूर्वीं विस्तव विझून पुरता एक दिवस गेलेला असावा. जाड माती तासन् तास उष्णता धरून ठेवते, आणि राखेच्या पोटांत निखारा जिवंत राहूं शकतो. म्हणून राख प्रथम काढून धातूच्या डब्यांत ठेवावी. शेगडी लवकर थंड व्हावी म्हणून तींत पाणी कदापि ओतूं नये. तापलेल्या मातीस अचानक गारवा लागला कीं ती तडकते. मग कुंडावर जुना कपडा किंवा वर्तमानपत्र पसरावें, म्हणजे खरवडलेला कचरा आंत पडणार नाहीं.

जुनी पट्टी काढण्याचें काम चिकाटीचें आहे. खिडकीच्या कांचेस लांबी लावतांना वापरतात तसलें चपटें पातें घ्यावें, आणि तें कडेशीं जवळजवळ समांतर धरून नमद्याखालीं सरकवावें. पातें उभें धरल्यास चकाकीवर ओरखडे पडतात. नमदा बहुधा हातभर लांबीच्या फाळक्यांनीं निघतो. खालचा चिकट थर मात्र राहतो, आणि खरा कंटाळा त्याचाच असतो. पुष्कळ लोक येथेंच घाई करतात. परंतु खालीं राहिलेली वाटाण्याएवढी गांठसुद्धां नव्या पट्टीस त्या जागीं उचलून धरते, आणि तिच्या दोन्ही बाजूंस फट राहते. म्हणून कड बोटास सर्वत्र गुळगुळीत लागेपर्यंत खरवडणें सोडूं नये.

शेवटचा चिकटपणा जाण्यासाठीं कडेवरून ॲसिटोनचा बोळा फिरवितात. नखांवरील रंग काढण्याच्या कित्येक द्रावणांत हाच पदार्थ असतो. तो बोळ्यावर थोडा घ्यावा, शेगडीवर ओतूं नये. कारण आंतील चकाकी नसलेली माती सच्छिद्र असून ती त्यास शोषून घेते. ॲसिटोन ५६ अंशांवरच उकळतो, आणि हिंवाळ्यांतील गारठ्यांतहि त्याची वाफ ठिणगीनें पेट घेते. म्हणून हें काम उघड्या हवेंत करावें. जवळ चूल, विडी किंवा दिवा नसावा. आणि कड पूर्ण कोरडी होऊन वास जाईपर्यंत पुढें जाऊं नये.

नवी पट्टी लावण्याचा आरंभ पाठीमागून, बिजागरीपासून करावा, म्हणजे सांधा दृष्टीआड राहतो. पट्टीच्या पाठीवरील कागद एकदम न काढतां वीत-वीत सोडवीत जावें, आणि तेवढाच भाग कडेवर बसवून अंगठ्यानें दाबावा. या ठिकाणीं एकच नियम ध्यानांत ठेवावा: पट्टी ताणूं नये. वळणावर ती थोडी ओढून बसविण्याचा मोह होतो, आणि ती तशी सुबकहि दिसते. पण ताणलेला नमदा उष्णता लागतांच आपल्या मूळ लांबीवर येऊं पाहतो, सांध्याशीं मागें सरतो, आणि जी फट बुजविण्यासाठीं सारा खटाटोप केला तीच पुन्हां उघडते. पट्टी कडेच्या आंतल्या धारेपुढें लोंबतांहि कामा नये, कारण पुढें आलेला भाग ज्वाळेच्या तोंडीं जातो. घेर पुरा झाल्यावर शेवटचें टोंक केसभर लांबच कापावें, आणि पहिल्या टोंकाशीं दाबून भिडवावें. टोंकें एकावर एक चढवूं नयेत, व मध्यें अंतरहि ठेवूं नये. बूड व झांकण दोहोंस पट्टी लावावयाची असल्यास दोन्ही सांधे समोरासमोर येऊं देऊं नयेत.

यानंतर झांकण हलकेंच मिटावें, आणि निदान एक दिवस शेगडी तशीच राहूं द्यावी. झांकणाचें वजनच पट्टीस दाबून बसवितें. दुसऱ्या दिवशीं कागदाची परीक्षा पुन्हां घ्यावी. कागद चोहोंकडे किंचित् अडखळत निघाला, म्हणजे काम साधलें. पहिले दोन-चार वेळां आंच १७५ अंशांच्या आंत ठेवावी, म्हणजे खालच्या चिकट थरास पक्कें बसण्यास अवसर मिळतो. पट्टी लावल्याच दिवशीं मोठी आंच करून मेजवानी करणाऱ्यास त्याच आठवड्यांत पुन्हां पातें हातीं घेण्याचा प्रसंग येतो.

पट्टीचें माहात्म्य अवास्तव वाढविण्याचें मात्र कारण नाहीं. केवळ प्रखर आंचेवर भाजणाऱ्यास दोन्ही झडपा उघड्याच ठेवावयाच्या असतात. तेथें कडेनें थोडा धूर निघाल्यानें फारसें बिघडत नाहीं. तिचें मोल कळतें तें मंद, दीर्घ आंचेंत, आणि विस्तव विझवून कोळसा वांचविण्यांत. तिचें आयुष्यहि वाढवितां येतें. चरबीनें झांकण चिकटलें असेल तर जोर न करतां तळचें दार व माथ्याची झडप उघडून आंत थोडा विस्तव करावा. चरबी वितळली कीं झांकण आपण होऊन सुटतें. कड थंड झाल्यावर कोरड्या फडक्यानें पुसण्याची संवय ठेवावी.

आतां जिवाचा प्रश्न. कामाडोची पट्टी नवी असो वा जुनी, ही शेगडी घरांत, बंद सज्जांत किंवा मोटारीच्या खोलींत पेटविणें म्हणजे मृत्यूस आमंत्रण देणें होय. हवा कमी मिळाली कीं कोळशापासून कार्बन मोनॉक्साइड हा वायु निर्माण होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. आणि रक्तांतील ज्या रंजकद्रव्यानें प्राणवायु वाहून न्यावयाचा, त्यास तो प्राणवायूपेक्षां दोनशेंपटींहून अधिक जोरानें चिकटतो. डोकें जड होतें, झोंप येते, आणि झोंपेंतून जाग येत नाहीं. उत्तर हिंदुस्थानांत हिंवाळ्यांत दारें-खिडक्या बंद करून अंगिठी जवळ घेऊन निजलेलीं माणसें दगावल्याच्या बातम्या येतात, त्या याच वायूच्या. ‘पट्टी घट्ट आहे, धूर बाहेर येत नाहीं, तेव्हां आंत ठेवण्यास हरकत नाहीं,’ असा विचार कोणीहि करूं नये. पट्टी कितीहि चांगली असली तरी माथ्याची झडप उघडीच असते, आणि हा वायु तेथून बाहेर येतच असतो.

पट्टी घट्ट बसल्यावर आणखी एक सावधगिरी आवश्यक होते, आणि तिची आठवण जुन्या गळक्या शेगडीची संवय झालेल्या मनुष्यास हटकून राहत नाहीं. झडपा आवळलेल्या शेगडींत उपाशी विस्तव आणि न जळालेला वायु कोंडलेला असतो. अशा वेळीं झांकण एकदम उघडलें, तर हवा आंत धांवते आणि ज्वाळेचा भपका तोंडावर येतो. म्हणून अगोदर झडपा थोड्या मोकळ्या कराव्या, झांकण दोन-तीन बोटें उचलून कांहीं क्षण तसेंच धरावें, आणि मगच हळू पुरतें उघडावें. मुलांना अशा वेळीं जवळ उभें राहूं देऊं नये.

कल्पनेंतील त्या घरीं शेवटीं काय झालें असेल हें सांगणें अवघड नाहीं. एक सबंध सकाळ खरवडण्यांत गेली. दुपारीं नवी पट्टी बसली. आणि दुसऱ्या दिवशीं कागद चोहोंकडे अडखळत निघाला. पुढच्या शनिवारीं रात्रीं मुलानें पुन्हां ११० अंशांवर मांस शिजत ठेविलें, आणि पहाटे उठून पाहिलें तों कांटा ११० वरच होता. जेवणें झाल्यावर त्यानें दोन्ही तोंडें बंद केलीं. सकाळीं झांकण उघडल्यावर कुंडांत अर्ध्याहून अधिक कोळसा काळा, कोरडा आणि शाबूत सांपडला. वडील तोच उरलेला कोळसा दुसऱ्या वेळीं वापरीत असत, हें त्यास तेव्हां आठवलें. त्यानें त्यावर थोडा नवा कोळसा घातला, आणि झांकण हलकेंच मिटलें.